पाण्यावरची रेघ

सबमिशनचा शेवटचा आठवडा होता. ज्यांनी तो अनुभवलाय त्यांना जास्त सांगायला नको. प्रोजेक्ट रिपोर्टच्या चार कॉपी काळ्या रेक्झिनमध्ये, सोनेरी अक्षरांत बांधून हव्या होत्या आणि कॉलेजसमोरच्या बाइंडिंगच्या दुकानात आमच्यासारखे तीसेक जण "चाचा, आधी माझं" करत उभे होते. नंबर लागेपर्यंत करायचं काय, म्हणून मी कोपऱ्यात पडलेल्या जुन्या खातेवह्या चाळत बसलो. त्यातल्या एका वहीच्या पुठ्ठ्याला आतून एक कागद चिकटवलेला होता. निळ्या, विटकरी आणि पांढऱ्या रंगांच्या बारीक लाटा, एकीत एक गुंतलेल्या, मोराच्या पिसासारख्या. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण रंग मात्र कालच लावल्यासारखा.

"चाचा, हे प्रिंट कुठलं?"

"प्रिंट नाही बेटा, हाताचं काम आहे. पाण्यावर काढतात. आमचे अब्बा याला 'अबरी' म्हणायचे. आता कोण करतो? माझ्याकडे दोनच ताव उरलेत."

पाण्यावर काढतात? आमच्या रूमवर त्या रात्री यावर बरीच चर्चा झाली. माझा रूममेट मेकॅनिकलचा, आणि फ्लुइड मेकॅनिक्समध्ये त्याची के.टी. होती, त्यामुळे पाण्याविषयी त्याला व्यक्तिगत राग. "पाण्यावर रेघ ओढतात म्हणे!" असं म्हणून तो पांघरूण घेऊन झोपला. आपल्याकडे 'पाण्यावरची रेघ' म्हणजे जे टिकत नाही ते. मला मात्र झोप येईना. पुढचे दोन महिने मी या विषयाच्या मागे लागलो. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे मांडतो.

अभ्र, अबरी आणि अब्रू

या कलेचं तुर्कस्तानातलं नाव 'एब्रू'. मूळ शब्द फारसी 'अब्री', म्हणजे ढगाळ, ढगांसारखा. फारसीत 'अब्र' म्हणजे ढग, आणि संस्कृतातला 'अभ्र' हा त्याचा सख्खा भाऊ. 'आकाश अभ्राच्छादित राहील' असं हवामान खातं सांगतं, तेव्हा आपण नकळत याच शब्दाच्या गावात असतो. हिंदी-उर्दूत बाइंडिंगच्या अशा कागदाला अजूनही 'अबरी' म्हणतात. म्हणजे चाचांचे अब्बा अगदी बरोबर बोलत होते.

दुसरी एक व्युत्पत्ती सांगतात ती 'आब-रू' अशी, आब म्हणजे पाणी आणि रू म्हणजे चेहरा. पाण्याचा चेहरा! भाषेचे जाणकार पहिल्या व्युत्पत्तीकडे जास्त झुकतात, पण ही दुसरी मला आवडली, कारण हाच 'आब-रू' मराठीत 'अब्रू' होऊन बसलाय. चेहऱ्यावरचं पाणी म्हणजे अब्रू. एकदा गेली की गेली! हे पुढे लक्षात ठेवा.

कसं करतात?

एक उथळ आयताकृती ट्रे घ्यायचा. तुर्कीत त्याला 'तेकने' म्हणतात. आकार साधारण कागदाएवढा. त्यात साधं पाणी भरून चालत नाही, दाट पाणी लागतं. त्यासाठी 'कित्रे' नावाचा डिंक पाण्यात भिजवून, फुगवून, कापडातून गाळून घेतात. उन्हाळ्यात सरबतात घालतात त्या गोंद कतिऱ्याचाच हा भाऊबंद, नावसुद्धा तेच आहे. आजकाल बरेच जण समुद्री शेवाळापासून काढलेलं कॅराजीनन वापरतात.

रंग म्हणाल तर पारंपरिक रंग बहुतेक मातीचे नाहीतर खनिजांचे : गेरूसारखे लाल, पिवळी माती, काजळी. निळ्यासाठी नीळ, आणि जुन्या उस्तादांच्या पसंतीच्या निळीला तुर्कीत चक्क 'लाहोरची नीळ' म्हणतात. म्हणजे आपल्या उपखंडाची नीळ इस्तंबूलच्या ट्रेमध्ये तरंगत होती. हे रंग संगमरवराच्या पाटीवर, हातात मावेल अशा दगडी बत्त्याने पाण्याबरोबर तासन् तास घोटतात. घोटण्यात आळस केला की पुढे सगळं फसतं.

आता सर्वांत विचित्र घटक : गुरांच्या पित्ताशयातलं पित्त. ते उकळून घेतात आणि प्रत्येक रंगात काही थेंब घालतात. का, ते पुढे सांगतो.

ब्रश घोड्याच्या केसांचा आणि त्याचा दांडा गुलाबाच्या फांदीचा. उजव्या हातातला ब्रश डाव्या हाताच्या बोटावर हलकेच आपटायचा, की रंगाचे शिंतोडे दाट पाण्यावर पडतात. पडले की बुडत नाहीत, गोल पसरतात. त्यावर दुसरा रंग, मग तिसरा. ट्रेभर दगडगोट्यांसारखी नक्षी तयार होते, तिला 'बत्तल' म्हणतात. ही सगळ्यात जुनी आणि सगळ्या नक्ष्यांची आई. यातच एका टोकदार सळईने उभ्या-आडव्या रेघा मारल्या की 'गेलगित', म्हणजे शब्दशः 'ये-जा'. त्यावरून कंगवा फिरवला की कंगव्याची नक्षी. बाहेरून आत गोल गोल फिरवलं की 'बुलबुलचं घरटं'.

शेवटी कागद. हा क्षण सगळ्यात अवघड. एका बाजूने अलगद टेकवत कागद पृष्ठभागावर सोडायचा, खाली हवेचा एक बुडबुडाही राहता कामा नये. राहिला तर तिथे पांढरा डाग. हात हलला तर नक्षी फाटते. काही सेकंद थांबायचं आणि ट्रेच्या कडेवरून ओढत कागद बाहेर काढायचा, म्हणजे जादाचा चिकट द्रव कडेला निपटला जातो. नक्षी कागदावर, ट्रे पुन्हा जवळजवळ कोरा. एका नक्षीची एकच प्रत. दुसरी काढायची म्हटलं तरी निघत नाही. अन्डू नाही, कॉपी-पेस्ट नाही!

बुडत का नाही?

गेरूतलं लोहाचं ऑक्साइड पाण्याच्या साधारण पाचपट जड. मग ते तरंगतं कसं? आता फ्लुइड मेकॅनिक्सची वही काढा.

पाण्याचा पृष्ठताण २५ अंश सेल्सिअसला साधारण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. म्हणजे पृष्ठभाग ताणून बसवलेल्या रबरी पडद्यासारखा वागतो. पित्तातले क्षार साबणासारखे असतात, ते हा ताण कमी करतात. पित्त घातलेला थेंब पडला की त्या जागी ताण कमी आणि बाजूला जास्त, त्यामुळे बाजूचा पृष्ठभाग थेंबाला चारी बाजूंनी खेचतो आणि थेंब पातळ पापुद्र्यासारखा पसरतो. रंगाचे कण इतके बारीक घोटलेले आणि खालचं पाणी इतकं दाट, की कागद टेकेपर्यंतच्या वेळात त्यांना बुडायला सवडच मिळत नाही.

दाटपणाचा दुसरा फायदा जास्त महत्त्वाचा. साध्या पाण्यात काडी फिरवली तर भोवरे उठतात आणि काडी काढल्यावरही पाणी फिरत राहतं. दाट पाण्यात रेनॉल्ड्स नंबर कमी, म्हणून प्रवाह स्तरीय. काडी थांबली की पाणी थांबतं. म्हणूनच पाण्यावर ओढलेली रेघ जिथल्या तिथे राहते. माझ्या रूममेटला हे सांगितलं तेव्हा तो उठून बसला. त्याला आयुष्यात पहिल्यांदा रेनॉल्ड्स नंबरचा काहीतरी उपयोग दिसला होता.

पित्ताचं प्रमाण हा खरा उस्तादीचा भाग. पहिल्या रंगात पित्त कमी असतं. दुसरा रंग पहिल्याला बाजूला सारून जागा करणार, म्हणून त्यात थोडं जास्त. तिसऱ्यात आणखी. हा क्रम चुकला तर नंतरचा थेंब पसरतच नाही, ठिपका होऊन बसतो किंवा बुडतो. त्यात हवेतली धूळ, खोलीचं तापमान, दमटपणा हे सगळं बदललं की कालचं प्रमाण आज चालत नाही. पुस्तकात आकडा लिहून भागत नाही, रोज ट्रेला विचारावं लागतं.

थोडं गणित

आता या प्रकाराला इतकं साधं गणित असेल असं मला वाटलं नव्हतं. ट्रेवर एक थेंब टाकला, तो 'र' त्रिज्येचं वर्तुळ होऊन पसरला. आधीच्या नक्षीतला एक बिंदू त्या केंद्रापासून 'द' अंतरावर होता. तो आता कुठे जाईल?

रंगाचा पापुद्रा दाबला जात नाही, फक्त सरकतो, असं धरू. आधी केंद्राभोवती 'द' त्रिज्येच्या वर्तुळात जेवढं क्षेत्रफळ होतं, त्यात नव्या थेंबाचं क्षेत्रफळ मिळवायचं. पाय दोन्हीकडून उडाला की नवं अंतर उरतं √(द² + र²). बस्स, पायथागोरस! थेंबाची त्रिज्या ३ सेंटिमीटर आणि बिंदू ४ सेंटिमीटरवर असेल तर तो ५ वर जातो. ४० सेंटिमीटरवरचा बिंदू जेमतेम एक मिलिमीटर सरकतो. म्हणजे जवळच्याला जोरात धक्का, लांबच्याला नुसती चाहूल.

हे सूत्र आणि काडी-कंगव्याची अशीच सूत्रं वापरून ऑब्री जाफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये 'आयईईई'च्या कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या नियतकालिकात 'गणिती मार्बलिंग' या नावाने शोधनिबंध लिहिला. प्रोग्रॅमिंग येणाऱ्यांनी करून बघावं, शंभरेक ओळींत स्क्रीनवर बत्तल तयार होतो. कॉम्प्युटरवाल्यांना मिनी प्रोजेक्टचा विषय फुकटात दिलाय, ट्रीट द्यायला विसरू नका.

उस्तादांची साखळी

नुसतं विज्ञान असतं तर मी हा लेख लिहिला नसता. खरी गोष्ट माणसांची आहे.

मध्य आशिया आणि इराणमार्गे ही कला इस्तंबूलला आली. (जपानमध्ये साध्या पाण्यावर शाईने करायची 'सुमिनागाशी' ही कला १२व्या शतकापासून होती, पण तिची पद्धत वेगळी.) एब्रूवरची एक जुनी तुर्की पुस्तिका १६०८ सालची आहे. तिच्यात शेबेक मेहमेद एफेंदी या उस्तादाचा उल्लेख येतो. पुढे १८व्या शतकात आया सोफियाचे खतीब, म्हणजे प्रवचनकार, मेहमेद एफेंदी झाले. त्यांनी ठिपक्यावर ठिपका टाकून सळईने फुलाचा आकार काढायची पद्धत बसवली, तिला आजही 'हातिप एब्रू' म्हणतात. १७७३ मध्ये त्यांच्या घराला आग लागली. आपले कागद वाचवायला ते आत गेले आणि परत आले नाहीत.

मग येतात इस्तंबूलच्या उस्कुदार भागातल्या 'उझबेक तेक्के' या सूफी मठाचे शेख सादिक एफेंदी. ते बुखाऱ्यात एब्रू शिकून आले होते. त्यांनी ती मुलाला शिकवली. मुलाचं नाव इब्राहिम एदहेम एफेंदी (१८२९ ते १९०४), पण लोक त्यांना 'हेझारफेन' म्हणत, म्हणजे 'हजार विद्यांचा'. सुतारकाम, कोरीवकाम, छपाई, विणकाम, यंत्रं, जे हाताने करता येतं ते सगळं त्यांना येत होतं. मला वाटतं, आपल्या पदवीवर जो शब्द छापतात त्याचा मूळ अर्थ हाच असावा. जाता जाता रॉकवाल्या मित्रांसाठी : लेड झेपेलिनचे रेकॉर्ड काढणाऱ्या अटलांटिक रेकॉर्ड्सचे संस्थापक अहमेत एर्तेगुन हे या हेझारफेन शेखांचे पणतू. २००६ मध्ये ते अमेरिकेत वारले, पण त्यांना याच मठाच्या आवारात पणजोबांशेजारी दफन केलं.

शेखांचे शिष्य नेज्मेद्दिन ओक्याय (१८८३ ते १९७६). सुलेखनकार, बाइंडर, तिरंदाज, शिवाय गुलाबाच्या शेकडो जाती फुलवणारे माळी. १९३४ च्या कायद्याने तुर्कस्तानात सगळ्यांना आडनाव घ्यावं लागलं, तेव्हा त्यांनी घेतलं 'ओक्याय', म्हणजे 'बाण-धनुष्य'! ट्युलिप, कार्नेशन अशी ओळखू येणारी फुलं पाण्यावर काढायची रीत त्यांनी बसवली. शिवाय कागदावर डिंकाने अक्षरं लिहून मग एब्रू उतरवायची : डिंकाच्या जागी रंग धरत नाही, अक्षरं कोरी राहतात.

ओक्यायांचे शिष्य मुस्तफा दुझगुनमान (१९२० ते १९९०). कला अकादमीत शिकले, पण पोट भरलं ते उस्कुदारमधल्या घरच्या दुकानावर. दुकान कसलं, तर काष्ठौषधी आणि मसाल्यांचं! दिवसा पुड्या बांधायच्या आणि वेळ मिळेल तेव्हा ट्रे. २०व्या शतकाच्या मध्यावर छापील कागद स्वस्त झाले होते, एब्रू कोणाला नको होती. त्या काळात ही विद्या इस्तंबूलमध्ये बोटांवर मोजण्याइतक्या हातांत उरली होती आणि त्यातले दोन हात या दुकानदाराचे. त्यांनी विद्या लपवली नाही. जो आला त्याला शिकवलं. त्यांचेच शिष्य आणि त्यांच्या शिष्यांचे शिष्य आज शिकवतायत. २०१४ मध्ये युनेस्कोने एब्रूला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. मूलभूत तंत्रं हातात बसायलाच किमान दोन वर्षं लागतात, तीही उस्तादाशेजारी उभं राहून.

याउलट इंग्लंडात काय झालं बघा. तिथले कारागीर कृती इतकी गुप्त ठेवत, की शिकाऊ मुलालाही पूर्ण काम कळू देत नसत. १८५३ मध्ये चार्ल्स वूलनो यांनी सगळी रीत पुस्तकात छापून टाकली, तेव्हा धंदेवाले भडकले. पण यंत्राचा कागद आला तेव्हा गुपित काही त्यांना वाचवू शकलं नाही. आपणही जुन्या जर्नल्स ज्युनियर्सना देताना उगाच भाव खातो, तेव्हा हे आठवायला हरकत नाही.

आपल्याकडे आणि इतरत्र

या कलेचा एक धागा आपल्या अगदी शेजारी आहे. १७व्या शतकात विजापूरच्या चित्रकारांनी असल्या कागदाचं चक्क चित्र केलं. काही भाग झाकायचा, बाकीच्यावर अबरी उतरवायची, मग आकृती रेषांनी पुरी करायची. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात हाडं दिसणाऱ्या मरतुकड्या घोड्यावर बसलेल्या बैराग्याचं असं चित्र आहे, विजापूरचं, १७व्या शतकाच्या मध्यातलं. शहाजीराजे आदिलशाहीत होते तो हा काळ.

युरोपात हा कागद 'तुर्की कागद' म्हणून गेला. तिथे त्याला एक इंजिनिअरिंगचा उपयोग सापडला. हिशेबाच्या वहीच्या पानांच्या कडांवर ही नक्षी उतरवली, की एक पान फाडलं तरी रेघ तुटलेली दिसते. चोरी पकडली! १७७५ मध्ये अमेरिकन वसाहतींच्या काँग्रेसने नोटा काढल्या, तेव्हा वीस डॉलरच्या नोटेला अशी रंगीत कड होती. तो कागद बेंजामिन फ्रँकलिनने पुरवला होता. जी नक्षी पुन्हा काढता येत नाही तिची नक्कल करणार कोण?

आमचा प्रयोग

आता अब्रूचा भाग. एवढं वाचल्यावर हात शिवशिवले. मेसच्या मावशींकडून परात आणि मूठभर मेथी मागून आणली. जुन्या फारसी कृतींत मेथीचं बुळबुळीत पाणी वापरत, त्यामुळे आम्हीही रात्रभर मेथी भिजवली आणि रूममेटच्या रुमालातून गाळली. गेरू, नीळ आणि कोळशाची पूड काचेच्या तुकड्यावर घोटली. पित्त कुठून आणणार, म्हणून भांडी घासायचं लिक्विड.

पहिला प्रयत्न : सगळा रंग तळाला. घोटण्यात आळस. दुसरा प्रयत्न : लिक्विड जास्त झालं, एका थेंबासरशी सगळा रंग कडेला पळाला, जणू रेक्टर आले. तिसऱ्यांदा नक्षी जमली, कागद उचलला आणि धुतला, तर रंगही धुऊन गेला. युरोपातले लोक कागदाला आधी तुरटीचं पाणी लावतात, ते आम्ही वाचूनही विसरलो होतो. तोवर अख्ख्या विंगला मेथीचा वास लागला होता आणि लोक नाक धरून विचारत होते, "उपयोग काय याचा?"

चौथ्या रविवारी एक कागद निघाला. वाकडा, मधे बुडबुड्याचा रुपयाएवढा पांढरा डाग. पण त्यात तीन रंगांच्या लाटा होत्या आणि त्या जगात दुसरीकडे कुठेही नव्हत्या.

तो चाचांना नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला, डागावर अंगठा फिरवला. "हवा राहिली," म्हणाले. मग मला आत बोलावून आपल्या अब्बांची पद्धत सांगितली. कागद मधून सोडायचा नाही, समोरासमोरचे दोन कोपरे धरून तिरका उतरवायचा. तीस वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं, असंही म्हणाले. मी ते वहीत लिहून घेतलं.

'उपयोग काय' याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. एवढंच कळलं की पाण्यावरची रेघ टिकते. मात्र तिच्याखाली वेळेवर कोणीतरी कागद धरावा लागतो. चाचांकडचे दोन ताव अजून तिथेच आहेत. रिपोर्ट बांधायला जाल तेव्हा बघा आणि जमलं तर त्यांना एक प्रश्न विचारा. परात आमच्याकडे आहे. मावशींना अजून परत दिलेली नाही.